सकाळचा आकडा

आमच्या कंपनीच्या फाटकावर माणसाचं नाव कुणी विचारत नाही, आकडा बघतात. तुम्ही आत शिरता आणि समोरच्या पडद्यावर तो ढळढळीत उमटतो. त्या सोमवारी माझ्यापुढे उभ्या असलेल्या पोराचा आकडा एकेचाळीस आला आणि रांगेतल्या दोघांनी हळहळ व्यक्त केली. घरी तान्हं बाळ आहे म्हणे त्याच्या. माझा आला बारा. सुरक्षारक्षकानं कौतुकानं मान डोलावली आणि मीही कॉलर ताठ करून आत गेले. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा छान वाटलं होतं.

मी प्रणिता निकम. जगातल्या चौदा विमानतळांवर प्रवाशांच्या बॅगा योग्य विमानात चढाव्यात म्हणून एक सॉफ्टवेअर चालतं, त्याचा एक कोपरा मी पुण्यात खराडीला बसून सांभाळते. तो कोपरा बिघडला की बर्फाळ देशात निघालेल्या माणसाचे लोकरी कपडे वाळवंटात जाऊन पडतात. तो माणूस तिकडे कुडकुडतो आणि मला इकडे घाम फुटतो.

आकड्याचं शास्त्र फार अवघड नाही. डोकं लावून काम करताना मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट नावाचं रसायन साठत जातं. ते वाढलं की मेंदू कष्टाचा विचार टाळतो आणि सोपी वाट धरतो. झोपेत ते बरंचसं निचरून जातं. कपाळावर केसांच्या रेषेशी एक टिकली चिकटवतात, नखाएवढी. ती डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत सोडते आणि परत आलेल्या प्रकाशावरून हा साठा किती झाला ते शून्य ते शंभरात सांगते. टिकलीला बारीक दिवा असतो. साठपर्यंत हिरवा, नव्वदपर्यंत पिवळा, पुढे लाल. माणूस शंभरापुढेही जाऊ शकतो, पण मग एका झोपेत सगळं धुऊन निघत नाही आणि सकाळी उठतानाच अंगावर तीस-चाळीस शिल्लक राहतात.

टिकलीच्या आधीचे दिवस मी अजून विसरलेले नाही. तीन खंडांतले साहेब, त्यांची तीन घड्याळं आणि मधे आम्ही. मावसबहिणीच्या लग्नात अक्षता टाकताना माझ्या एका कानात मीटिंग चालू होती. लोक सुट्टीवर लॅपटॉप घेऊन जायचे आणि समुद्राकडे पाठ करून बसायचे. मग शीणमर्यादा कायदा आला. शंभर झाले की कामाचा पडदा आपोआप बंद, पुन्हा उघडणार दुसऱ्या दिवशीच. त्या दिवशी आमच्या मजल्यावर पेढे वाटले होते. पुढचे चार-पाच महिने मी घरी उजेडी पोचायचे. माझ्या स्वयंपाकघरात संध्याकाळी ऊन येतं, हे मला तिथं राहायला लागून सहा वर्षांनी कळलं.

पण कंपन्यांत हुशार माणसांची वानवा नसते. जास्त काम घेऊ नका, असं कायद्यानं सांगितलं होतं. माणूस सकाळी किती शिल्लक घेऊन येतो ते बघू नका, असं काही सांगितलं नव्हतं. सकाळी तीस घेऊन आलेला माणूस शंभराला लवकर पोचणार, मग त्याला अवघड काम कशाला द्या? हळूहळू नोकरीच्या जाहिरातींत 'सकाळचा आकडा विसाच्या आत' असं छापून येऊ लागलं. टिकली झोपेपर्यंत काढायची नाही, असा नियम आला. काढलीत तर तेवढा वेळ तुम्ही काहीतरी अवघड करत होतात असं धरायचं.

मग घरं बदलली. पोरांची गणितं आईबापांनी शिकवणीवर सोपवली. आमच्या सोसायटीच्या गणपतीला यंदा कार्यकर्ते मिळेनात, कारण वर्गणीवरून वाद घालायला फार शीण पडतो. स्थळाच्या माहितीपत्रकात उंचीच्या खाली आकडा येऊ लागला. शेजारचे नवरा-बायको फक्त शुक्रवारी संध्याकाळी भांडतात, म्हणजे निचरायला दोन रात्री मिळतात. मी या सगळ्याला पोट धरून हसायचे. अण्णा माझ्याकडे येईपर्यंत.

अण्णा म्हणजे माझे वडील, हणमंतराव निकम. विट्याच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते भोंग्यावरून सांगणारा आवाज, तो त्यांचा. आई गेल्यावर ते एकटेच राहायचे. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. समजतं सगळं, पण हवा तो शब्द जिभेवर येत नाही. समोर कप असतो, तो त्यांना ओळखू येतो, त्यात काय असतं ते माहीत असतं आणि तोंडातून 'कुलूप' येतं. मग ते स्वतःवरच चिडतात.

गंमत म्हणजे फलाटावरची घोषणा मात्र शाबूत होती. 'विटा-स्वारगेट गाडी, मार्गे कराड, सातारा, फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. गाडी थोड्याच वेळात सुटेल. प्रवाशांनी घाई करू नये.' एका दमात, खणखणीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आनंदानं रडले होते. वाचोपचार करणाऱ्या मेधा बावडेकरांनी मला जमिनीवर आणलं.

"ते पाठांतर आहे, प्रणिता. पाढे, आरत्या, घोषणा मेंदू वेगळ्या कप्प्यात ठेवतो. त्याला बोलणं म्हणत नाहीत. त्यातला एखादा तुकडा ते जागा बघून, मनात धरून वापरतील ना, त्या दिवशी मला फोन कर. कामात असले तरी उचलीन."

"आणि तोपर्यंत मी काय करू?"

"रोज अर्धा तास त्यांच्याशी बोल. थांबायचं. त्यांचा शब्द आपण पुरा करायचा नाही, कितीही जीव वर-खाली झाला तरी. पहिले सहा महिने मोलाचे असतात. मेंदू नवे रस्ते शोधत असतो, आणि चालणारं कुणी नसेल तर रस्ता पडत नाही."

तर ते अर्धा तास थांबणं. बोलायला किती सोपं! अण्णा एक शब्द शोधत असतात. तुम्ही त्यांच्या डोळ्यांत बघत असता, चार अंदाज मनात येतात, चारही गिळायचे. चेहऱ्यावर कंटाळा येऊ द्यायचा नाही, जास्त उत्साहही नाही. एकदा मी मोजलं. अख्खा विमानतळ बंद पडला होता तेव्हा तासाभरात माझे एकोणीस वाढले होते. अण्णांशी अर्ध्या तासात सत्तावीस.

बारा आकडा आलेल्या त्या सोमवारीच सुधन्वानं मला बोलावलं. हा माझा मॅनेजर. माणूस वाईट नाही. टिकली पिवळी झाली की स्वतःच्या डब्यातला लाडू पुढे करतो.

"नवीन विमानतळाचं काम येतंय. लीड म्हणून तुझं नाव दिलंय मी," तो म्हणाला. "आठवड्यातले तीन दिवस घरून काम. अवेळी येणारे फोन पूर्ण बंद. तुझ्या वडिलांच्या दृष्टीनं..."

मी खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होते. तीन दिवस घरी! अण्णांना दुपारीसुद्धा वेळ देता आला असता.

"फक्त एक आहे. कामाचे सलग वीस दिवस, आकडा विसाच्या आत हवा. तुझे सोमवार झकास असतात गं. पण बुधवार-गुरुवार तीस, बत्तीस. काय करतेस काय तू घरी?"

"वडिलांशी बोलते."

सुधन्वानं माझ्या टिकलीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "चारच आठवडे. मग वेळच वेळ आहे तुला."

अण्णांना वेळ देता यावा म्हणून चार आठवडे अण्णांशी बेतानं बोलायचं. एखाद्या शहाण्या माणसाला यातली खोट तिथंच दिसली असती. मला ती सोय वाटली.

मी इंजिनियर. ज्यात वेळ जातो ते शोधायचं आणि छाटायचं, हेच मी पंधरा वर्षं करत आलेय. अण्णांशी बोलताना वेळ कशात जातो? थांबण्यात. मग मी थांबणं बंद केलं. त्यांनी 'च' म्हटलं की 'चहा ना?' 'प' म्हटलं की 'पाणी, हो ना अण्णा?' ते मान हलवायचे, कारण 'नाही'च्या पुढचं सगळं समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा शब्दच शोधायचे. एका संध्याकाळी त्यांनी मुकाट्यानं तीन पेले पाणी प्यायलं. त्यांना पंखा हवा होता, ते मला त्यांचा भिजलेला सदरा बघून कळलं. पण आकडा? मंगळवारी सतरा. बुधवारी सोळा. गुरुवारी चौदा. अर्ध्या तासाचं बोलणं दहा मिनिटांवर आलं, घरात चिडचिड नाही, सगळं सुरळीत. हे मेधाताईंना कसं सुचलं नाही, असंही मला वाटून गेलं. थकलेला मेंदू सोपी वाट धरतो ते मी वर लिहिलंच आहे, पण ते दुसऱ्यांच्या मेंदूबद्दल आहे अशी माझी समजूत होती.

दर शनिवारी मेधाताई तीस चित्रं दाखवायच्या. मी शेजारी बसायचे. महिन्याच्या सुरुवातीला अण्णांनी सतरा ओळखली होती. दुसऱ्या शनिवारी बारा, तिसऱ्या शनिवारी आठ. छत्रीचं चित्र समोर होतं. अण्णांनी ओठ उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मिटले.

"घरी बोलता ना?" मेधाताईंनी विचारलं.

"बोलते की," मी म्हणाले. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

"मग उतरण का लागली? असं व्हायला नको होतं." त्यांनी कागदावरच्या आठाभोवती गोल काढला.

घरी येताना रिक्षात मला पहिल्यांदा भीती वाटली. अण्णांचे शब्द संपत चालले होते आणि मेधाताईंच्या त्या मोलाच्या सहा महिन्यांतला एकच महिना उरला होता. तरीही मी काय ठरवलं असेल? की आठवडाभरच तर राहिलाय, लीड झाले की सगळं भरून काढू. इतकी मी मूर्ख होते.

अठराव्या दिवशी, बुधवारी, आमच्या गिऱ्हाइकाच्या देशात कसलीशी सुट्टी होती. दुपारी चारला काम संपलं. माझ्याकडे किल्ली असते, मी दार उघडलं आणि चप्पल काढता काढता थबकले. आतून हसण्याचा आवाज येत होता. अण्णांच्या.

दिवसभर अण्णांजवळ कुसुमताई असतात, मूळच्या खटावच्या. त्या गवार निवडत होत्या आणि अण्णा बोलत होते. अडखळत, धडपडत, पण बोलत होते.

"म्... म्हैस. म्हैस आली. फ... फलाट..."

"फलाटावर म्हस? आन मग?"

"डायवर... डायवर पळाला!"

कुसुमताई गवार टाकून हसत सुटल्या. मी आत पाऊल टाकलं. अण्णांनी मान वळवून आधी माझ्या कपाळाकडे बघितलं, मग डोळ्यांकडे, आणि तोंड मिटलं. छत्रीच्या चित्रापुढे मिटलं होतं तसंच.

"हे... हे कधीपासून बोलतायत?" मी कुसुमताईंना विचारलं.

"अवो ताई, दुपारभर बोलत्यात की माझ्यासंगं. तुमी आला की गप. मला वाटलं, तुमच्याम्होरं शब्द चुकला तर कमीपणा वाटत आसंल."

"आणि तुम्ही दमत नाही?"

"दमतीय की. न दमून कसं चालंल?" त्या पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर कुंकू होतं आणि घाम होता. टिकली नव्हती. शीणमर्यादा कायदा फक्त पडद्यासमोर बसणाऱ्यांना लागू आहे.

त्या गेल्यावर मी अण्णांच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसले. "अण्णा, माझ्याशी का बोलत नाही?"

ते खिडकीकडे बघू लागले.

"मी बसलेय. कितीही वेळ लागू दे. मी मधे काही बोलणार नाही."

माझ्या मनात दहा उत्तरं आली. तुम्ही रागावलात. तुम्हाला विट्याला जायचंय. मी तुम्हाला वेळ देत नाही. सगळी गिळली. पाच मिनिटं गेली असतील. अण्णांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला, हवेत घुटमळला आणि माझ्या कपाळाच्या दिशेनं आला.

"ल..." ते म्हणाले. "ला..."

मी गप्प.

"लाल. लाल... होतं. तू."

घशातून ते शब्द ओढून काढताना त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी. मी... बोललो. तू लाल." आणि मान हलवली. "नको."

म्हणजे बाप महिनाभर माझा दिवा बघत बसला होता. एक शब्द शोधायला गेलं की पोरीच्या कपाळावर हिरव्याचं पिवळं होतं, पिवळ्याचं लाल होतं. त्यांना वाटलं, आपण पोरीला इजा करतोय. म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. मी त्यांचे शब्द पुरे करत होते ते आकड्यासाठी, आणि ते गप्प बसत होते ते माझ्यासाठी. मला हुंदका आवरेना. मी अगदी लहान मुलीसारखी रडले. रडणंही शिणाचंच काम, त्यामुळे टिकली झरझर लाल झाली असणार, कारण अण्णांनी घाईनं पुढे वाकून डावा तळवा माझ्या कपाळावर ठेवला. दिवा झाकायला.

मी तो हात धरून खाली घेतला. "अण्णा, ऐका. तुम्ही दिवसभर भोंग्यावर ओरडून घरी यायचात. घसा पार बसलेला असायचा. आई म्हणायची, त्यांना बोलायला लावू नको. तरी मी विचारायचे, आज कुठली गाडी चुकली, कोण भांडलं, आणि तुम्ही बसलेल्या घशानं सगळं सांगायचात. का सांगायचात?"

अण्णांनी माझ्या दिव्याकडे बघितलं.

"तुमच्या घशाला दिवा नव्हता, एवढंच. लाल म्हणजे मी दमले. दमले म्हणजे बिघडले नाही."

त्या संध्याकाळी आम्ही दीड तास बोललो. म्हणजे अण्णांनी मोजून अकरा शब्द काढले. त्यातला एक 'सांडशी' होता आणि तो कशासाठी होता ते आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

गुरुवारी फाटकावर माझा आकडा आला सत्तेचाळीस. रांगेत कुणीतरी हळहळलं. दहा मिनिटांत सुधन्वा माझ्या जागेवर हजर.

"अगं, फक्त दोन दिवस राहिले होते! काय झालं?" मग आजूबाजूला बघून आवाज उतरवला. "हे बघ, कारणाच्या रकान्यात 'प्रवास' लिही. वाहतूक कोंडीला सूट आहे. आजचा दिवस मोजणार नाहीत. मी वर सांभाळून घेतो."

तो मनापासून सांगत होता. समोर पडद्यावर अर्ज उघडा होता. प्रवास, अपुरी झोप, आजार, घरगुती वाद, इतर. मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं, वडिलांशी बोलले.

"प्रणिता, आज लपवता येतंय गं."

"आजचं येईल. पण उद्याही एवढाच येणार आहे. परवाही. ते नीट बोलेपर्यंत येत राहणार."

"लीडचं काम निखिलकडे जाईल मग."

"जाऊ दे. पहिल्या दिवशी मी बसेन त्याच्याजवळ, समजावून देईन."

सुधन्वा निघाला नाही. टेबलाचा काठ धरून उभा राहिला. त्याचा सकाळचा आकडा नऊ होता, आमच्या मजल्यावर सगळ्यांत कमी. "माझा मुलगा दहावीत आहे," तो म्हणाला. "मी आणि तो शेवटचं काय बोललो ते आठवत नाहीये मला." मग त्यानं खिशातून लाडूचा डबा काढला, माझ्यापुढे ठेवला आणि गेला.

वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. तीन दिवस घरून काम, अवेळी फोन नाहीत, हे सगळं हातातोंडाशी आलं होतं. दुपारी बॅगांचा एक पट्टा तिकडे कुठेतरी अडकला, दिवस सत्तेचाळीसवरून सुरू झालेला, त्यामुळे तो सोडवताना मी तीनलाच शंभराला टेकले आणि पडदा बंद झाला. मी घरी गेले.

कुसुमताईंना लवकर सोडलं. अण्णांच्या समोर बसले. बसतानाच लाल होते, आणि या वेळी ते लपवायला मी काही केलं नाही. अण्णांनी दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एक मोठा श्वास घेतला.

"प..." ते म्हणाले.

मी थांबले.

"प... पा..."

डोकं नुसतं गरगरत होतं. दिवसभराचा शीण, त्यात हे थांबणं. सवय वाईट असते. माझं तोंड आपोआप उघडलं आणि 'पाणी' बाहेर पडणार तेवढ्यात अण्णांचा डावा हात वर गेला. पंजा उघडा, ताठ, मागे येणाऱ्या गाडीला थांबवायला ते स्टँडवर करायचे तसा. त्यांनी घसा साफ केला.

"प्रवाशांनी," ते माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "घाई... करू नये."

पुढची-मागची घोषणा नाही. स्वारगेट नाही, कराड नाही, फलाट नाही. तेवढाच तुकडा, मला उद्देशून. त्यांच्या मिशीच्या डाव्या टोकाला बारीक हसू होतं.

मी तोंड मिटलं. ते पुन्हा शोधू लागले. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही.

"पं... पंखा," अण्णा म्हणाले.

मी उठून पंखा लावला आणि मेधाताईंना फोन केला.